मालकांचा कालवा

आमच्या घरमालकांना साधा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. विचारला की ते उत्तर द्यायचे नाहीत, उत्तर कळेल असं काहीतरी तुमच्याकडून करून घ्यायचे. त्यात तुमचा वेळ जायचा आणि वर चार लोक हसायचे. मी नव्यानं चाकणला आले तेव्हा मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले. शेजारच्या बिऱ्हाडातल्या चुलीचा सगळा धूर आमच्या खोलीत येतो, असं माझं म्हणणं. त्यांनी शेजारणीलाही बोलावलं. ती म्हणाली, धूर हिच्याच चुलीचा आहे, कोकणातल्या बाईला इकडची लाकडं पेटवता येत नाहीत. मालकांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि हुकूम सोडला, की आठवडाभर हिनं तिच्या चुलीवर रांधायचं आणि तिनं हिच्या. मी मनात म्हटलं, चांगल्या वेड्याच्या घरात येऊन पडलो. पण दोन दिवसांतच शेजारीण डोळे पुसत माझ्या खोलीतून बाहेर आली. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं मुकाट्यानं त्यांचं धुराडं उंच करून घेतलं. आमची दोघींची पुढे इतकी गट्टी जमली की एकीचं मीठ संपलं तर दुसरी न विचारता घेऊन जायची.

मालक मूळचे चाकणचेच. जन्मभर देहूरोडला लष्कराच्या डेपोत, स्टोअरमध्ये नोकरी करून नुकते घरी परतले होते. नोकरी सुटली तरी डेपो सुटला नव्हता. बारा महिने अंगात खाकी कोट असायचा आणि बोलणंही स्टोअरमधलंच. ओसरीवर बसून विचारायचे, "चहा इश्यू झाला का?" आतून मालकीणबाई सांगायच्या, की तुमचा आजचा कोटा सकाळीच संपला. मग ते नवीन मागणीचं इंडेंट टाकायचे, म्हणजे पुन्हा तेच मोठ्यानं विचारायचे. मालकीणबाई थोड्या वेळानं अर्धा कप आणून आदळायच्या.

त्यांचं वहाणांचं प्रकरण तर गावभर माहीत होतं. गावात फिरताना वहाणा काखेत आणि घरात आल्यावर पायात. घरातली फरशी गार लागते, बाहेरच्या मातीनं पाय शेकतात, असा त्यांचा हिशेब. शिवाय वहाणा झिजतात त्या बाहेर, मग बाहेर कशाला वापरायच्या? देवळात मात्र पंचाईत व्हायची. मारुतीच्या दारात वहाणा काढायची रीत, आणि यांच्या पायात तर काहीच नाही. त्यावर त्यांनी तोड काढली होती. देवळाच्या पायरीशी थांबून काखेतल्या वहाणा पायात चढवायच्या आणि मग रीतसर काढून ठेवून आत जायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना आणि माझ्या हातातली नैवेद्याची वाटी सांडली.

आम्ही संगमेश्वराकडचे. आमच्या ह्यांनी पुण्यातल्या एका घासलेटच्या एजंटाकडे काही दिवस काम केलं होतं, त्या ओळखीवर चाकणला घासलेटाचं दुकान टाकायचं ठरलं. तेव्हा चाकणला वीज नव्हती. घरोघरी चिमण्या आणि कंदील, कुणाकडे एखादा स्टोव्ह. त्यामुळे दुकान चालणार हे नक्की होतं, प्रश्न जागेचा होता. मालकांच्या घराची बाजारपेठेकडची पुढची खोली मोकळी होती. आम्ही विचारायला गेलो तर त्यांनी ना जात विचारली ना जामीन. एवढंच विचारलं, की तुम्हा दोघांत जास्त कोण बोलतं. आमच्या ह्यांनी निमूटपणे माझ्याकडे बोट दाखवलं. मालक त्यांना म्हणाले, "मंग दुकानात बाईंना बशिवत जा. गिऱ्हाईक त्येलाला येतंय, पर बोलायला थांबतंय." तेव्हापासून गल्ल्यावर मी बसू लागले आणि हे मागे डबे उतरवू लागले. त्या काळी ते जरा जगावेगळंच दिसायचं, पण गावातल्या बायका घासलेटाबरोबर मीठ-मिरचीही आमच्याकडूनच न्यायला लागल्या.

आता त्या घरातल्या बोळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या बोळात घडलं. मालकांचं घर दोन आळ्यांच्या मधोमध होतं. एका अंगाला बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला विहिरीची आळी. घराच्या पोटातून आरपार एक बोळ होता, मालकांच्या स्वतःच्या जागेतला. तो नसता तर बाजारपेठेतल्या माणसाला विहिरीवर जायला वेशीपर्यंत जाऊन, किल्ल्याच्या बुरजाखालून, मारुतीला वळसा घालून जावं लागलं असतं. मालकांच्या वडिलांच्या वेळी विहिरीवरून दोन आळ्यांची डोकी फुटायची पाळी आली होती. तेव्हा वडिलांनी आपल्या घरातून हा रस्ता काढून दिला आणि मारुतीपुढे शपथ घेतली, की या बोळाचं दार कधी लावणार नाही. मालकांच्या मुलीच्या लग्नात मांडव पडला होता तरी लोक घागरी घेऊन पंगतीतून जात-येत होते. दाराच्या बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या, कारण दार हलायचंच नाही.

मालकांची बसायची जागा त्या बोळातच. घासलेटाचा एक रिकामा डबा उपडा टाकून ते तिथे बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घ्यायचे. जकात म्हणजे काय, तर एक शब्द. बोळातून जायचं तर बोल द्यायचा, असा त्यांचा नियम. काहीही बोला, पाऊस म्हणा, कांदा म्हणा, पण गप्प जायचं नाही. म्हाताऱ्या बायका सुनांची गाऱ्हाणी सांगून जायच्या, पोरं पाढे म्हणत पळायची. आमचे हे मुलखाचे अबोल, ते नुसतं खाकरायचे. मालकांनी तेही चालवून घेतलं होतं.

छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमाराला घासलेट कमी यायला लागलं. एजंटाचा ट्रक पूर्वी जेवढे डबे टाकून जायचा त्याच्या निम्मेच टाकू लागला. मग ट्रकच खाडे करू लागला, आणि आला की भाव वाढलेला असायचा. आमचे हे चौकशीला पुण्याला गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं, की सुएझवर लढाई झाली, तिथे बोटी बुडवून कालवा बंद करून टाकलाय, त्यामुळे तेलाची ओढ आहे. ह्यांनी घरी येऊन मला तेवढंच सांगितलं. आम्ही खाडीकाठची माणसं. आमच्याकडे कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपली, कोयतीनं फोडून खायची. ती बंद झाल्यावर घासलेट का येऊ नये, हे मला काही केल्या कळेना. ह्यांनी समजावून दिलं, की कालवा म्हणजे बोटी जायचा पाण्याचा पाट.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात तेच सांगू लागले, की कालवा बंद झालाय म्हणून माल नाही. रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "कंचा कालवा? चाकणला कालवा व्हता कवा?" त्याच्या डोळ्यांपुढे शेतीचा कालवा होता, आणि तसला कालवा आमच्या भागात खरोखरच नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, की कालवा बंद कुठाय, हा काय दुकानापुढे चाललाय. कालवा म्हणजे इकडे गलकाही. सगळे हसले, मीही हसले. एक-दोन आठवडी बाजार ते हसणं पुरलं.

मग हसू आटलं. चिमण्या विझायला लागल्या, बायका दिवस मावळायच्या आत भाकरी उरकायला लागल्या. कुणीतरी बोललं, की कोकण्यानं डबे दडवून ठेवलेत, भाव आणखी चढला की काढील. एकदा असं बोलणं निघालं की ते वणव्यासारखं जातं. आमच्या ह्यांनी मागची खोली उघडून दाखवली. रिकामीच होती. त्यावर लोक म्हणाले, आधीच हलवले असतील. मी गल्ल्यावर बसून बोलबोल बोलायची ती आता गप्प बसू लागले, कारण मी जे बोलेन ते खोटंच ठरत होतं. कालवा कालवा म्हणून मी ज्याचं नाव घ्यायची तो कुणी पाहिला होता?

अशा वेळी शाळेतले गुरुजी आमच्या बाजूनं उभे राहिले. माणूस सज्जन, वर्तमानपत्र वाचणारा. कालवा खरोखरच बंद आहे हे त्यांनी चारचौघांत सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण शिक्षकाला पुरावा दिल्याशिवाय राहवत नाही. ते शाळेतला मोठा नकाशा घेऊन आले आणि आमच्या गल्ल्यावर पसरून दुकानापुढच्या गर्दीला शिकवू लागले. हे इराणचं आखात, इथे तेल निघतं. इथून बोट सुटली, ही अशी आली, ही मुंबई. त्यांचं बोट समुद्रावरून सरकत मुंबईला टेकलं आणि तिथेच थबकलं. सुएझ कुठल्या कुठे दूर राहिला होता. त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. मग नकाशाची गुंडाळी केली आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "वहिनी, आपलं तेल त्या कालव्यातून येतच नाही."

गुरुजींना खोटं बोलता येत नव्हतं, त्याला इलाज नाही. पण त्या एका वाक्यानं आमचं होतं नव्हतं ते नाव गेलं. आता संशय राहिला नाही, खात्री झाली. संध्याकाळी गावातली वडीलधारी मंडळी आली आणि शांतपणे सांगून गेली, की पुढच्या बाजाराच्या आत दुकान रिकामं करा, पोरांची डोकी तापलीत, नंतर आम्हाला आवरायची नाहीत. आमचे हे मान खाली घालून ऐकत होते. संगमेश्वराला परत जायचं म्हणजे चोर ठरून जायचं. तिकडे आम्हाला काही कुणी हार घेऊन वाट पाहत बसलं नव्हतं. मी भांडी पोत्यात भरायला घेतली.

या साऱ्या दिवसांत मालकांनी आम्हाला एक अक्षर विचारलं नव्हतं. त्याचंच मला जास्त लागलं होतं. भाडेकरू चोर आहे असं गाव म्हणतंय आणि घरमालकाला काहीच वाटू नये? पोतं शिवता शिवता मी तशीच उठले आणि बोळात गेले. ते डब्यावर बसले होते. त्यांना प्रश्न विचारू नये हे मला एव्हाना पक्कं ठाऊक होतं, तरी विचारला. म्हटलं, "मालक, कालवा त्या बाजूला आणि आपलं तेल या बाजूला, हे खरं ना? मग आपल्याकडे तेल का येईना?"

त्यांनी विहिरीकडे पाहिलं. मग त्यांनी मला उलट विचारलं, की गुरुजींच्या घरी पाणी कोण भरतं. मी म्हटलं, गेनबा. गेनबा हा आमच्या भागातला पाणक्या. घासलेटाच्या रिकाम्या डब्यांची कावड करून तो बाजारपेठेतल्या दुकानदारांकडे, चहावाल्याकडे आणि आणखी काही घरी पाणी घालायचा. गुरुजींना कंबरदुखीमुळे विहिरीतून पाणी ओढवायचं नाही. त्यांचं घर तर विहिरीला लागूनच, त्यामुळे त्यांचं पाणी तो सगळ्यात शेवटी, घरी जाता जाता भरायचा. मालकांनी मान हलवली आणि मला बजावलं, "उंद्याचं पानी तुमी आज भरून ठिवू नगा. तुमच्या घरात एक घागर जादा निघाली तर समदं वाया जाईल." मला काही उलगडा झाला नाही. मी परत येऊन पोतं शिवू लागले.

सकाळी गेनबा विहिरीकडून कावड घेऊन बोळात शिरायला गेला आणि दारावर आपटला. दार लावलेलं होतं. मालक बाजारपेठेच्या बाजूच्या पायरीवर बसले होते, वहाणा काखेत. गेनबा मारुतीला वळसा घालून त्यांच्यासमोर आला आणि दार का लावलं म्हणून विचारू लागला. मालक म्हणाले, आत लढाई झालीय, कालवा बंद हाय. कुणाची लढाई म्हणून विचारलं तर म्हणाले, माझी आणि मालकीणबाईची. लोकांना आधी गंमत वाटली. पण उन्हं वर आली, घागरी रिकाम्या राहिल्या, तशी गंमत सरली आणि पायरीपुढे माणसं जमली.

मला तो प्रसंग अजून आठवतो. बायका तर बोलत होत्याच, पण एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "तुज्या बापानं मारुतीम्होरं शपथ घेतली व्हती. आज तू ती मोडलीस." मालकांनी तिला हात जोडले. मग खाली मान घालून बसले. एरवी कुणालाही शब्दात न सापडणारा तो माणूस त्या पायरीवर एकदम म्हातारा दिसला. मालकीणबाई आत दाराला पाठ लावून बसल्या होत्या आणि बाहेरच्या शिव्या ऐकत होत्या. मला वाटलं, आमच्यापायी या घरावर हे काय आलं, आणि अजून मला यातलं काही कळलेलंही नव्हतं.

तिकडे गेनबाचं निराळंच चाललं होतं. वेस, बुरूज, मारुती असा वळसा घालता घालता त्याचा जीव मेटाकुटीला आला. दर खेपेला दुप्पट वेळ. बाजारपेठेतले लोक पाण्यावाचून अडलेले, त्यातही चहावाल्याचा धंदाच बसलेला. त्यानं गेनबाला पहिली खेप आपल्याकडे टाक म्हणून गरम चहा पाजला. ते पाहून पलीकडच्या मिठाईवाल्यानं चहावर भजी दिली. कापडवाल्यानं तंबाखूची चंची पुढे केली. गेनबाला जन्मात असा भाव मिळाला नव्हता. जो जास्त देईल त्याच्याकडे तो कावड वळवू लागला आणि पुढच्या खेपेला निघताना आता काय मिळणार म्हणून विचारूही लागला.

शाळेची वेळ होत आली तसे गुरुजी वळसा घालून बाजारपेठेत आले. खांद्यावर पंचा, अंगावर बंडी, आंघोळ नाही, पूजा नाही. आंघोळीशिवाय शाळेची पायरी न चढणारा माणूस, घायकुतीला आला होता. गेनबाला शोधत होते. गेनबा चहावाल्याच्या बाकावर भजी खात होता. गुरुजी त्याला म्हणाले, अरे, माझं घर विहिरीला लागून, माझ्याकडे दोन खेपा टाकायला तुला कितीसा वेळ लागतोय? गेनबा म्हणाला, येतो की, ही मंडळी सोडतील तवा.

मालक पायरीवरून उठले. "गुरुजी, तुमचं घर तर हिरीजवळ. तुमी माज्या बोळातनं पानी आनता व्हय?"

"नाही," गुरुजी चिडून म्हणाले. "माझा तुमच्या बोळाशी काय संबंध?"

"मंग बोळ बंद झाला त्यात तुमचं पानी का आडलं?"

"का म्हणजे? गेनबा एकटाच आहे ना. तो तिकडून वळसे घालत बसलाय, आणि हे लोक त्याला भजी..." गुरुजी बोलता बोलता थांबले. पंचा खांद्यावरून घसरला तो त्यांनी उचलला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, बोटी."

त्यानंतर पुढचा सगळा वेळ गुरुजींचा होता. त्यांना आंघोळीचा विसर पडला, शाळेचाही पडला. काठीनं रस्त्यातल्या धुळीत रेघा ओढून त्यांनी तिथेच वर्ग भरवला. किल्ल्याचा बुरूज म्हणजे आफ्रिका. बाजारपेठ म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, तो सगळा युरोप. विहीर म्हणजे इराणचं आखात, आणि त्यांचं स्वतःचं घर म्हणजे मुंबई. तेलाच्या बोटी जगात मोजक्याच, त्याच सगळीकडे फिरतात. युरोपला जाणाऱ्या बोटी आधी कालव्यातून झटकन जाऊन यायच्या. आता त्यांना अख्ख्या आफ्रिकेला वळसा पडला, म्हणून त्या महिनोन् महिने तिकडेच अडकल्या. तिकडचे लोक बोटीला जास्त भाडं देतात, म्हणून उरलेल्या बोटीही तिकडेच वळतात. आणि आपण विहिरीला लागून असून कोरडे, वर जे मिळतं ते महाग. "नकाशा बरोबर होता," गुरुजी म्हणाले. "मी फक्त वाट पाहिली. बोट पाहायची राहिली."

लोक ऐकत होते. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता त्यांनाही हे कळलं, कारण घरी प्यायला पाणी नव्हतं. गेनबा हातातलं भजं घेऊन तसाच उभा होता, आपण बोट आहोत याचा त्याला मोठा अभिमान वाटत असावा. तरी एका माणसानं विचारलंच, की हे सगळं खरं धरलं तरी या दुकानवाल्यांनी डबे दडवलेच नाहीत कशावरून? मालक म्हणाले, ते मला ठाऊक नाही. मी त्यांच्या पोटात शिरलो नाही. पण तेल कमी येतंय हे खोटं नाही, एवढं तरी आज समजलं का? मग त्यांनी दाराला खांदा लावला. गंजलेल्या बिजागऱ्यांवर ते लावायला सोपं गेलं होतं की काय कोण जाणे, उघडायला मात्र चौघांचा जोर लागला. त्या चौघांत आदल्या दिवशी आम्हाला गाव सोडायला सांगून गेलेले एक गृहस्थही होते.

तेच संध्याकाळी दुकानात आले आणि खाली बघत म्हणाले, की सामान बांधू नका. जे येईल ते घरटी सारखं वाटायचं, असं गावानं ठरवलं. गुरुजी शाळा सुटल्यावर आमच्या गल्ल्याशेजारी येऊन बसू लागले, वाटप नीट होतंय हे बघायला. खरं तर ते गप्पा मारायलाच यायचे. उन्हाळ्यात कालवा उघडला, पुढे हळूहळू ट्रक पूर्वीसारखा यायला लागला, आणि ज्या लोकांनी आम्हाला चोर म्हटलं होतं तेच लोक आमच्या बाकावर बसून चाकणच्या सुएझची गोष्ट पाहुण्यांना सांगू लागले. पोरं किल्ल्याच्या त्या कोपऱ्याला आफ्रिका म्हणायला लागली. पुढे कित्येक वर्षं आफ्रिकेपाशी भेट, असं म्हटलं की गावात कुणालाही कळायचं.

मालकांना मात्र हे सगळं फुकटात पडलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मारुतीला नारळ फोडून वडिलांच्या शपथेची माफी मागितली. पण म्हाताऱ्या बायका मारुतीपेक्षा कडक. त्यांतल्या काही जणींनी त्या बोळातून जाणं सोडलं ते सोडलंच. डोक्यावर घागर घेऊन, कंबरेवर हात ठेवत, मुद्दाम बुरजाखालून लांबून जायच्या, पण मालकांच्या बोळात पाय ठेवायच्या नाहीत. ज्यांच्या गाऱ्हाण्यांवर त्यांची सकाळ जायची त्याच या बायका. ते डब्यावर बसून त्यांची वाट बघायचे. मला ते रोज दिसायचं.

एकदा मी त्यांच्यासाठी खापरोळ्या, म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या आमच्याकडच्या जाड आंबोळ्या, करून घेऊन गेले. गावाहून नारळ आले होते. मालकीणबाईंनी चहा ठेवला. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण आमच्यात आभार मानायची रीत नव्हती आणि मानले असते तर त्यांनी उडवून लावले असते. म्हणून मी कितीतरी दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. म्हटलं, "मालक, तुम्ही आम्हाला एकदाही विचारलं नाहीत, की डबे दडवलेत का. समजा, आम्ही खरंच दडवले असते तर? उद्या ते सापडले असते तर?"

"तर मी खोटा पडलो असतो," ते म्हणाले.

"आणि मग?"

त्यांनी खापरोळी रसात बुडवली. "मंग काय? गावानं चार म्हयनं शिव्या घातल्या असत्या, आन् पुन्ना चावडीवर चहाला बोलवलं असतं. गाव माजं हाय, मला कुटं धाडनार? तुमी खोटं पडला असता तर तुमास्नी जावं लागलं असतं. म्हनून म्हटलं, पडायचंच आसंल तर मी पडतो."

मी घरी येऊन ह्यांना ते सांगितलं. आमचे हे कधी न बोलणारे, ते उठून मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिथेच रिकामे डबे इकडचे तिकडे करत राहिले. आम्हाला कुठेच जावं लागलं नाही. माझी तिन्ही मुलं चाकणात जन्मली, आणि मूळ गाव कोणतं म्हणून कुणी विचारलं तर तिघंही आईकडे न बघता चाकण सांगतात.